मदत हवी आहे: १९६२ ची साधी बेसबॉल कार्डं

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. शेजारच्या आजोबांनी घर सोडताना माझ्या मुलाला बुटांचा खोका भरून टॉप्स कंपनीची १९६२ ची कार्डं दिली. मिकी मँटल, विली मेज असे नामवंत कोणी नाही, सगळे साधे खेळाडू. लाकडासारख्या तपकिरी किनारीचे टवके उडालेत, काहींच्या पाठीवर च्युइंगमचा डाग आहे. ग्रेडिंगची (कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवून घेण्याची) फी कार्डांच्या किमतीहून जास्त होईल, हे कळतं. पण ५२३ पासून पुढच्या नंबरांची कार्डं दुर्मिळ मानतात ना? तशी नऊ सापडली. ती वेगळी विकावीत की संचातच ठेवावीत? प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती कुठे बघता? घाई अजिबात नाही. आजोबांनी लहानपणी एकेक करून जमवलेली आहेत, मातीमोल भावात जायला नकोत.