40 मीटर बँडचा घरगुती डायपोल: रेझोनन्स खाली का येतो?

प्रश्न: नमस्कार. 40 मीटर या हौशी रेडिओ बँडसाठी डायपोल (दोन भुजांचा तारेचा अँटेना) करायला 142.5 भागिले 7.1 मेगाहर्ट्झ या हिशोबाने 20.07 मीटर पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर घेऊन गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही (उलट्या V च्या आकारात) उभारला आहे. मधला बिंदू बांबूवर असून दोन्ही टोके कठड्याजवळ बांधली आहेत. नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजण्याच्या छोट्या उपकरणावर) सर्वांत कमी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या लहरीचे माप), म्हणजे रेझोनन्स, 7.1 ऐवजी 6.85 मेगाहर्ट्झला दिसतो आणि कोॲक्सला (अँटेनापर्यंतच्या जाळीदार केबलला) हात लावताच आलेख हलतो. वायर किती कापावी?

उत्तर 1: ते सूत्र उघड्या तारेसाठीचा अंदाज आहे. पीव्हीसी आवरणामुळे तारेतील लहरीचा वेग घटतो, शिवाय टोके कठड्यातील लोखंडाजवळ असल्याने तिथली धारिता (कपॅसिटन्स) वाढते, त्यामुळे अँटेना विद्युतदृष्ट्या लांब वागतो. 20.07 ला 6.85 ने गुणून 7.1 ने भागल्यास 19.36 मीटर येतात, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे 35 सेंटिमीटर कमी करावे लागतील.

उत्तर 2: वरील गणित बरोबर आहे, पण कात्री आत्ताच हाती घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हात लावल्याने आलेख हलतो याचा अर्थ कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून प्रवाह वाहतो आहे आणि केबलही अँटेनाचा भाग बनली आहे. अशा स्थितीत आपण नेमके काय मोजतो आहोत, हेच निश्चित नसते. फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते त्या जागेला) लागूनच 31 मिक्स या प्रकारच्या मोठ्या फेराइट रिंगवर आरजी-58 कोॲक्सचे दहा-बारा वेढे घेऊन चोक (हा बाहेरचा प्रवाह अडवणारे वेटोळे) बसवा, टोके नायलॉन दोरीने कठड्यापासून दूर ओढा आणि मगच पुन्हा मोजा.

प्रश्नकर्ता: दोन्ही केले. आता हात लावल्याने फरक पडत नाही आणि रेझोनन्स 6.92 वर आला आहे.

उत्तर 2: मग प्रत्येक बाजूला 35 नव्हे, 25 सेंटिमीटरच कमी करायचे आहेत. तेही न कापता टोक मागे दुमडून त्याच वायरीवर घट्ट पिळा. पिळलेला भाग सैल लोंबत राहिला, तर लांबी अपेक्षेइतकी घटत नाही. आधी 15 सेंटिमीटर दुमडून मोजा, उरलेले नंतर. दोन्ही भुजांमधला कोन 90 अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका आणि प्रक्षेपणाच्या वेळी टोकांवर मोठा व्होल्टेज असतो, म्हणून ती कोणाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवा.

उत्तर 3: पावसाळ्यापूर्वी कोॲक्सचे उघडे टोक सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या) टेपने बंद करा. जाळीत एकदा पाणी शिरले की ते केशाकर्षणाने आत चढत जाते आणि केबलमधील हानी वाढल्यामुळे रिगजवळचा (रेडिओ संचाजवळचा) एसडब्ल्यूआर उलट चांगला दिसू लागतो.