चर्चा: बंद पडलेली गोदी पुन्हा उघडली म्हणजे वारसा परत आला का?

नांगर:
अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराकाठच्या मॅनिटोवॉक येथे, १८६३ पासूनचा इतिहास सांगणारी बर्गर बोट कंपनी आहे. ग्राहकाच्या मनाजोगती एकेक यॉट, म्हणजे आलिशान खासगी बोट, घडवणारी ही गोदी बर्गर घराण्याच्या हातून गेल्यावर काही वर्षांतच, १९९० मध्ये, बंद पडली आणि १९९३ मध्ये नव्या मालकांनी ती सुरू केली. अशा पुनरुज्जीवनाला अनेक जण जुन्या पाटीवरचा नवा रंग समजतात. मला ते मान्य नाही, कारण येथे पाटीबरोबर जुने कारागीरही परतले. बर्गरची ख्याती अ‍ॅल्युमिनियमच्या यॉटसाठी आहे. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला दोन हजारांहून अधिक अंश लागतात, शिवाय तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. सांधा एका टोकापासून सरळ जोडत गेल्यास पत्रा वाकतो, म्हणून वेल्डर थोडे इकडे, थोडे तिकडे असा क्रम लावतो. हा क्रम कागदावर लिहिता येतो; पत्रा कोणत्या क्षणी ओढू लागला हे ओळखणारी नजर मात्र कागदावर उतरत नाही.

हिशेबनीस:
युक्तिवाद आकर्षक आहे, पण अर्धवट आहे. या गोदीने आधी लाकूड, मग १९३० च्या दशकात वेल्डिंगचे पोलाद आणि १९५० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियम स्वीकारले; प्रत्येक वेळी आधीची विद्या बरीचशी बाजूला पडली. मग नेमका कोणता वारसा अखंड राहिला? नावाची किंमत बाजार कशी करतो तेही पाहावे. इटलीतील व्हिआरेज्जोच्या पेरिनी नावी या प्रसिद्ध शिडांच्या यॉट बांधणाऱ्या कंपनीचे २०२१ च्या आरंभी दिवाळे निघाले. पहिल्या लिलावात कोणीही बोली लावली नाही आणि अखेर डिसेंबरमध्ये ती ८ कोटी युरोंना गेली. वारसा इतका अमोल असता, तर पहिल्याच दिवशी रांग लागली असती. बर्गरचेही पुढे काय झाले? २००८ च्या मंदीनंतर मालकी पुन्हा बदलली आणि आज तेथे शिकागोतील पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी बांधल्या जातात. याला आलिशान यॉटची परंपरा म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा.

सुकाणू:
पहिल्या फेरीत बोली आली नाही, याचा अर्थ माल कवडीमोल होता असा होत नाही. खरेदीदार किंमत उतरण्याची वाट पाहत होते, असाही होतो. पर्यटक-बोटींविषयीचा उपहास तर मुळीच पटत नाही. या कंपनीचा आरंभच मासेमारांच्या छोट्या बोटींनी झाला आणि दुसऱ्या महायुद्धात तिने नौदलासाठी सुरुंगशोधक नौका बांधल्या. श्रीमंतांची यॉट हे मधले प्रकरण आहे, मूळ नव्हे. मत्स्यसर्वेक्षणाची बोट बांधणारी आजची बर्गर मला आपल्या पूर्वजांच्या अधिक जवळची वाटते.

वल्हेकरी:
मूळ कारण सगळेच विसरत आहात. अमेरिकन सरकारने बोटीच्या किमतीतील एक लाख डॉलरवरील रकमेवर दहा टक्के चैनकर लावला आणि यॉट-उद्योग बुडाला. कर उठला, गोदी उघडली. वारशाचा यात काय संबंध?

हिशेबनीस:
वल्हेकरी, मी वारशाचा भक्त नाही, तरी तारखा पाहाव्यात. तो कर १ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. बर्गरला त्याआधीच कुलूप लागले होते. तो रद्द झाला ऑगस्ट १९९३ मध्ये. उद्योगाचे त्याने नुकसान केले हे खरे, पण ही गोदी त्याने बंद पाडली नाही.

नांगर:
तारखांचाच आधार घेऊन माझा मुद्दा पुन्हा मांडतो. कुलूप जेमतेम तीन वर्षे होते, म्हणून वेल्डर, सुतार आणि रंगारी त्याच परिसरात सापडले. हेच कुलूप पंधरा वर्षे राहिले असते, तर नाव, नकाशे आणि क्रेन यांपैकी कशालाही मी वारसा म्हटले नसते. हल, म्हणजे बोटीचे बाहेरचे कवच, घासणारा रंगारी लांब, लवचिक पट्टीला पॉलिश कागद लावून पुट्टी तिरकी घासतो आणि मग तळहात फिरवून डोळ्यांना न दिसणारा उंचवटा शोधतो. असा रंगारी नव्या मालकाने कोणत्या लिलावात विकत घ्यावा?

हिशेबनीस:
लिलावात नव्हे, पगारावर. तीन वर्षांत कारागीर पांगले नाहीत, हे कंपनीचे नशीब. आणि ते टिकले ते गावामुळे, बर्गर या नावामुळे नव्हे. श्रेय द्यायचेच असेल, तर मॅनिटोवॉकला द्या.

सुकाणू:
तेवढे मान्य. मात्र त्या गावात जहाजबांधणीचे हात तयार होण्यात बर्गरचाही मोठा वाटा आहे, हे आपल्या हिशेबात कोठे दिसत नाही.