'नेट गेलं', 'नेट तुटतंय', 'नेट लागत नाही' : ट्रबलशूटिंगला मराठीत काय म्हणायचं?

तारवाला

सोलापुरात घरगुती आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं बसवतो, बिघडली की बघायला जातो. परवा एका पतसंस्थेचं काम केलं. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. काम झालं, बिल दिलं आणि बिल परत आलं. 'मराठीत करून द्या, आमचं सगळं दप्तर मराठीत असतं.' बाकी ओळी जमल्या, अडलो 'ट्रबलशूटिंग चार्जेस'पाशी. दोषनिवारण, दुरुस्ती, तपासणी, सगळे लिहून बघितले. एकही बसेना. दुरुस्ती म्हणावी तर मी काही दुरुस्त केलंच नाही, एक वायर एका तोंडातून काढून शेजारच्या तोंडात घातली आणि सेटिंगमधली एक टिकची खूण काढून टाकली. त्याला एक मिनिट लागलं. कुठली वायर ते शोधायला चाळीस मिनिटं लागली. पैसे त्या चाळीस मिनिटांचे आहेत. शब्द सुचवा.

भाषाशिक्षिका

'दोष' तेवढा नको. दोष बहुधा मुळातला असतो, दृष्टिदोष म्हणतो तसा. 'बिघाड' म्हणजे आधी चालत होतं, मग बिघडलं. तुम्हाला येणारा फोन 'काल संध्याकाळपर्यंत चालत होतं हो' असाच सुरू होत असणार. म्हणून बिघाड. आणि शोधण्याला 'निदान' चपखल आहे, वैद्य आधी निदान करतो, औषध नंतर. अडचण एकच. बिलावर 'निदान शुल्क' छापलंत तर 'निदान शुल्क तरी द्या' असं वाचलं जाईल.

हिशेबनीस

आणि ऑडिटर विचारेल, संस्थेच्या खात्यातून दवाखान्याचं बिल कसं काय दिलं. 'तपासणी फी' लिहा आणि मोकळे व्हा.

तारवाला

तपासणी काही बिघडलं नसतानाही होते ओ. आग विझवायच्या लाल नळकांड्याची वर्षाला होते तशी. मला पाहिजे तो शब्द लाइनमनकडे आहे : 'फॉल्ट काढला'. त्या 'काढला'मध्ये शोधलाही आला आणि घालवलाही आला.

भाषाशिक्षिका

हे छान पकडलंत. 'चूक काढली' म्हणजे शोधली. 'काटा काढला' म्हणजे उपटून टाकला. एकच क्रियापद दोन्ही कामं करतं.

तारवाला

क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर मनातलं सांगून टाकतो. आमच्या धंद्यात नामं सगळी इंग्रजी, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडच्या नामावर कधी विश्वास ठेवायचा नाही. ते राउटरला मोडेम म्हणतात, मोडेमला वायफाय, वायफायला नेट. एका आजींनी सेट-टॉप बॉक्सला राउटर म्हणून मला वीस मिनिटं फिरवलं होतं. पण क्रियापद मराठी असतं आणि ते चुकत नाही. मी आता फोनवर नाम ऐकतच नाही, क्रियापद ऐकतो.

'नेट गेलं' म्हणजे सरसकट गेलं, घरातल्या सगळ्यांचं. तिथे आधी फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा दिवा लाल आहे का ते विचारायचं. लाल असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये : कुठे तरी फायबर तुटली, नाही तर कपाटामागे दाबून वाकली. घरातला राउटर शंभर वेळा बंद-चालू करून उपयोग नाही.

'नेट तुटतंय' हे वेगळं. येतं, जातं, येतं. सैल पिन, नाही तर शेजारपाजारच्या वायफायची एकाच चॅनलवर गर्दी. आणि इथे एक खास सोलापुरी प्रकार. मे महिन्यात एका किराणा दुकानातून रोज फोन : 'दुपारी नेट जातं, मग आपोआप येतं.' किती वेळानं येतं विचारलं. 'दोन मिनिटांनी.' ही दोन मिनिटं ऐकली की माझे कान टवकारतात, कारण राउटर बंद पडून परत उठायला साधारण तेवढाच वेळ घेतो. म्हणजे नेट जात नव्हतं, राउटर मरत होता. दुकानात गेलो, तर राउटर आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि बोर्डाची पिन भिंतीत डुगडुगत होती. कूलर सुरू झाला की झटका बसायचा, राउटर बंद. राउटरला दुसरा प्लग दिला, फोन थांबले.

'वायफाय पकडत नाही' म्हणजे रेंजचा प्रश्न, मधे भिंती आहेत. 'लागत नाही' म्हणजे दिसतं पण आत घेत नाही : पासवर्ड चुकलाय किंवा राउटरकडून नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, मिळत नाहीये. 'नुसतं गोल फिरतंय' म्हणजे आत घेतलंय पण पुढे काही हलत नाही. 'कोण तरी ओढतंय' म्हणजे नेट ठीक आहे, वरच्या खोलीत कुणी तरी मोठं काही उतरवून घेतंय. आणि 'दिसत नाही' हे फक्त प्रिंटरसाठी राखीव आहे. पतसंस्थेत तोच शब्द होता.

पूर्वभाग

आमच्या घरी तेलुगू. आई 'नेट पोयिंदी' म्हणते, म्हणजे गेलं. 'रावट्लेदु' म्हणजे येत नाहीये. शेजारचे कानडी अण्णा 'होगैती' म्हणतात, ते पण गेलंच. नामं तिघांची एकच, इंग्रजी. क्रियापदं तीन भाषांतली, पण तिन्हीकडे नेट 'जातं'च. बिघडतं असं कुणीच म्हणत नाही. वीज जाते, पाणी जातं, तसं नेट जातं.

साखरपेठ

'लाइट'चं सांगा की. मध्ये कंपनीच्या कस्टमर केअरवाल्या मुलीशी माझा अर्धा तास असा गेला :

'सर, लाइट आहे का?'
'आहे की, पंखा चालू आहे.'
'नाही सर, मोडेमला लाइट आहे का?'
'मोडेमला लाइट आहे म्हणून तर चालू आहे.'
'कोणती लाइट आहे सर?'
'कोणती म्हणजे? महावितरणची!'

तारवाला

म्हणून मी फोनवर 'दिवा' म्हणतो. 'लाइट' म्हणजे वीज. 'दिवा' म्हणजे डब्यावरचा तो बारका ठिपका. जुना शब्द आहे पण इथे त्याला काही पर्याय नाही. 'स्विच'चं तर विचारूच नका. आठ तोंडांचा नेटवर्क स्विच असलेल्या एका ऑफिसात मी फोनवर म्हटलं, 'स्विच बंद करून चालू करा.' मालकांनी भिंतीवरचं मेन बटण पाडलं. तीन कॉम्प्युटर धाडकन बंद, कुणाचं तरी सेव्ह न केलेलं टॅली उघडं. त्या दिवसापासून भिंतीवरचं ते 'बटण' आणि टेबलावरचा तो 'डबा'.

भाषाशिक्षिका

एक गंमत. 'नेट' मराठीत आधीपासून आहे. नेटानं काम करणे, नेट लावणे. जोर, चिकाटी या अर्थानं. तो पुल्लिंगी : 'नेट लावला'. इंटरनेटवरून आलेलं नपुंसकलिंगी : 'नेट गेलं'. दोघांची गाठ पडत नाही ती लिंगामुळेच. बाकी शब्दांनाही आपण सवयीनं लिंग चिकटवून टाकलंय : तो राउटर, ती केबल, ते वायफाय. कुणी ठरवलं नाही, पण 'ती राउटर' म्हटलं की कान खटकतो. 'आंतरजाल', 'मार्गक' असे शब्द लिहिण्यात ठीक आहेत, पण किराणा दुकानदार 'मार्गकाचा दिवा लाल झालाय' म्हणेल असं मला वाटत नाही, आणि म्हणावं असाही माझा आग्रह नाही.

जुळेसोलापूर

'रिसेट' आणि 'रिस्टार्ट' वेगळे आहेत हे मला महागात पडून कळलं. नेट तुटत होतं. चुलतभावानं मेसेज केला, 'रिसेट कर'. मागं बारीक भोक दिसलं, 'रिसेट' लिहिलेलं. उदबत्तीची काडी घातली आणि दहा सेकंद दाबून धरली. वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, कंपनीनं भरलेलं युजरनेम पण गेलं. दोन दिवस माणूस आला नाही.

तारवाला

ह्या एका शब्दानं मला जितकी कामं मिळाली तितकी वळवाच्या पावसानं पण दिली नाहीत. मी 'रिसेट' शब्दच वापरत नाही. एक 'बंद-चालू' : प्लग काढा, तीसपर्यंत मोजा, लावा. दुसरं 'कोरा करणे', ते फक्त मी समोर असताना. कोरं म्हटलं की सोलापुरात कुणालाही कळतं, आधीचं काही उरत नाही.

पूर्वभाग

आणि 'पिंग'? पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का ते बघायचा प्रोग्रॅम. मी डिप्लोमाला आहे. सरांनी सांगितलं ते नाव सोनारवरून आलंय, पाणबुडी आवाज सोडते आणि परत येणारा ऐकते. माइक म्यूस यांनी तो प्रोग्रॅम १९८३ मध्ये लिहिला. मराठीत काय म्हणू?

भाषाशिक्षिका

हाळी. शेताच्या बांधावरून देतात ती. हाळी दिली की पलीकडून 'ओ' यायला पाहिजे. 'ओ देणे' हा वाक्प्रचार तयारच आहे.

तारवाला

ताई, हा शब्द मी आजपासून घेतला. कारण काम अगदी तसंच चालतं. आधी राउटरला हाळी, १९२.१६८.१.१ ला, पुष्कळ घरांत तोच नंबर असतो. ओ आली नाही तर बिघाड घरातच. आली तर बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला हाळी. तिथून ओ येते पण वेबसाइट उघडत नाही, म्हणजे रस्ता ठीक आहे, नावावरून नंबर सांगणारा डीएनएस झोपलाय. हेच ते 'नुसतं गोल फिरतंय'. आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले तोही आकडा समोर दिसतो.

साखरपेठ

माझा एक प्रश्न राहिलाय. प्लॅन ३०० एमबीपीएस वेगाचा, आणि वायरनं जोडलेल्या कॉम्प्युटरवर पंचाण्णवच्या वर जात नाही. कंपनी म्हणते आमच्याकडून पूर्ण सोडलंय. याला कुठलं क्रियापद? गेलं नाही, तुटत नाही, फिरत नाही.

तारवाला

'पूर्ण येत नाही.' पंचाण्णव म्हणालात तिथेच कळलं. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. शंभरच्या वेगाला चार तारा पुरतात, हजारच्या वेगाला आठही लागतात. त्यातली निळी किंवा तपकिरी पिनमध्ये नीट बसली नसेल, तर दोन्ही बाजूची यंत्रं गुपचूप शंभरवर येऊन थांबतात. कुठे लाल दिवा लागत नाही, कुणी तक्रार करत नाही. वायरीच्या दोन्ही टोकांच्या पिना कापून नव्या मारून घ्या. रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच.

साखरपेठ

आमच्या वडिलांचे माग होते. साध्या मागावर ताण्याचा एक उभा धागा तुटला तर माग थांबत नाही, खटखट चालूच. चादर खाली उतरली की मग लांबच लांब रेघ दिसते. तसंच झालं म्हणायचं. पिना मारून घेतो.

(दोन दिवसांनी) निळीच होती. आता २९० येतंय.

हिशेबनीस

पतसंस्थेत नेमकं काय निघालं ते तुम्ही सांगितलंच नाही. प्रिंटर का दिसत नव्हता?

तारवाला

कुणी तरी घरचा जुना राउटर आणून आतल्या खोलीत लावला होता, रेंज वाढावी म्हणून. पहिल्या राउटरची वायर त्याच्या निळ्या तोंडात, जिथे बाहेरचं नेट लावतात तिथे. त्यामुळे जुना राउटर स्वतःला मालक समजायला लागला आणि आतल्या खोलीतल्या सगळ्यांना स्वतःचे नंबर वाटायला लागला, १९२.१६८.०. नं सुरू होणारे. बाहेरच्यांचे नंबर १९२.१६८.१. नं सुरू होणारे. दोन वेगळ्या पेठा झाल्या. प्रिंटर आतल्या पेठेत. आतल्या कॉम्प्युटरवरून प्रिंट मस्त निघते, बाहेरच्या दोघांना प्रिंटर 'दिसत नाही'. नेट मात्र तिघांवर चालू, म्हणून दोन महिने कुणाला राउटरचा संशयच आला नाही. प्रिंटर बदलायचं कोटेशन पण आलेलं होतं. मी जुन्या राउटरमधली नंबर वाटायची खूण काढली, वायर निळ्या तोंडातून पिवळ्या तोंडात घातली, प्रिंटर बंद-चालू केला. झालं.

शोधण्यात वेळ गेला तो कशात? बाहेरच्या कॉम्प्युटरवर आधी मला १६९.२५४ नं सुरू होणारा नंबर दिसेल असं वाटलं होतं. ज्याला कुणीच नंबर देत नाही तो विंडोजवाला बिचारा खडूनं स्वतःच्याच दारावर लिहून घेतो, तो हा नंबर. तसा तो नव्हता. सगळ्यांकडे व्यवस्थित नंबर होते, म्हणून मीही चकलो. दोन वाटणारे आहेत हे डोक्यात यायला वेळ लागला, कारण दुसरा डबा आतल्या खोलीत पासबुकांच्या गठ्ठ्यामागे होता.

भाषाशिक्षिका

मग बिलावर काय लिहिलंत शेवटी?

तारवाला

'बिघाड शोधणे व काढणे – रु. ३५०'. कारकुनांनी वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, 'शोधायचे किती आणि काढायचे किती, वेगळं करून द्या. दोन बाबी आहेत.' आता बसलोय तेच करत. शोधणे ३४०, काढणे १०.