गावची नदी अजून जिवंत आहे, तिचं खोलीकरण होऊ द्यायचं का?

संडे_झाडू (नागपूर)
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आम्ही चौदा-पंधरा जण तीन वर्षांपासून रविवारी सकाळी नाग नदीच्या एका पट्ट्यात सफाई करून राहिलो. पन्न्या, थर्माकोल, निर्माल्य, एकदा तर अख्खा सोफा निघाला. पावसाळ्याआधी जेसीबी लागतो, गाळ काठावर निघतो, पहिल्या पावसात निम्मा परत आत, आणि सांडपाणी तर बाराही महिने सुरूच. आता खरं सांगतो, कंटाळा आला.

पण प्रश्न वेगळा आहे. माझ्या मामांचं गाव रामटेकच्या पलीकडे, तिथे जंगलातून एक छोटी नदी येते. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी लोक रील काढायला पोचतील. फेब्रुवारीपर्यंत वाहते, नंतर डोहात पाणी राहते, काठावर कहू, करंज, जांभूळ, सकाळी खंड्या दिसतो. आता गावात ठरून राहिलं की दोन किलोमीटर खोलीकरण-रुंदीकरण करायचं, आणि निघालेली रेती टिप्परने बाहेर. अर्धं गाव खूश आहे, मामा पण. मला आतून वाटते की हे चुकते आहे पण मुद्देसूद सांगता येत नाही. काय बोलू ग्रामसभेत?

डांगरवाडीवाला
भाऊ, मी कन्हानकाठचा, जातीचा ढिवर. माझा बाप उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरवाडी करे. हातभर झिरा खोदला की गोड पाणी लागे, त्याच पाण्यावर डांगरं पिकत अन् आम्ही बी तेच पीत होतो. मग टिप्पर आले. चार-पाच वर्षांत झिऱ्याचं पाणी खाली गेलं, मग काठावरच्या विहिरी बसल्या. रेती म्हणजे नदीची टाकी हाय जी, वरून कोरडी दिसते म्हणून लोकाले वाटते फुकट पडून हाय.

अन् डोहाचं मामाले नक्की सांग. उन्हाळ्यात सारी मासोळी डोहात जीव धरून राह्यते, मरळ, वाम, झिंगे सारं तिथंच. पाणी आलं का तीच पुन्हा नदीभर पसरते. जेसीबीनं तळ एकसारखा केला म्हणजे डोह गेला, मग मासोळीचं बियाणं कुठून आणता?

कास्तकार_मौदा
सगळं बरोबर आहे पण एक बोलतो, राग नका मानू. नागपूरहून गाडी काढून खंड्या पाहायला येणं सोपं आहे. एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला "नदीला तसंच राहू द्या" म्हणून दाखवा. गाव खोलीकरण मागते कारण जेसीबी आला की पहिल्या वर्षी डबकं भरलेलं डोळ्याला दिसते. दुसरं काही दाखवाल तरच लोक ऐकतील, नाहीतर तुम्हाला चहा पाजून वाटेला लावतील.

मुरूम_आणि_माती
कास्तकार भाऊंचा मुद्दा खरा आहे, उत्तरही तिथूनच निघते. पाणी नदीत अडवायला गेलं की उशीर झालेला असतो, ते वर टेकडीवर अडवायला लागते. माथा ते पायथा म्हणतात ते हेच, आधी चर, बांध, गवत, झाडोरा, मग छोटे नाले, नदी सगळ्यात शेवटी. गाळ काढायचाच तर गावतळ्यातला काढा, शेतात टाका, त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण वाहत्या नदीची रेती ओलांडून खाली मुरमात, खडकात गेलात तर काय होते, नदीचा तळ आजूबाजूच्या भूजलाच्या खाली जातो आणि विहिरींचंच पाणी झिरपून नदीत येते. ते भरलेलं डबकं कधीकधी तुमच्याच विहिरीचं असते! शिवाय काठ उभे कापले की पुढच्या पुरात ढासळतात, करंज-कहू मुळासकट जातात.

उदाहरण पाहिजे असेल तर राजस्थानात अलवरची अरवरी नदी. १९८७ च्या सुमारास तिथे गावांनी तरुण भारत संघ या संस्थेसोबत पाणलोटात जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारे मातीचे छोटे तलाव, बांधायला सुरुवात केली. काही वर्षांनी कोरडी नदी बारमाही वाहू लागली. गंमत पुढे आहे, नदीत मासे आले तसा सरकारी मासेमारीचा ठेका पण आला, गावांनी विरोध करून तो रद्द करवला आणि १९९९ मध्ये सत्तरेक गावांची अरवरी संसद बसवली, पाणी कोणी किती उपसायचं, कोणतं पीक घ्यायचं ते तिथे बोलायला. म्हणजे नदी आणणं एक काम, आणलेली राखणं त्याहून किचकट.

ग्रामसभेत एक नक्की करा: जैवविविधता व्यवस्थापन समितीचं विचारा. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत ती असायला पाहिजे, बऱ्याच ठिकाणी फक्त कागदावर असते. डोह कुठे, मासे कोणते, झाडं कोणती हे लोकजैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. उद्या रेतीचा विषय निघाला तर हातात कागद राहील.

अंबाझरी_खालची_ताई
मी नाग नदीच्या काठावर राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या खाली पार्किंगमध्ये गाड्या एकमेकांवर चढल्या. फ्रिज तरंगताना मी डोळ्याने पाहिला. नदीच्या जागेत भिंती, स्लॅब, रस्ते घालून तिला नाली केली की ती पण मग नालीसारखीच तुंबते ना. गावात रुंदीकरणासोबत काठाला सिमेंटची भिंत असा काही प्लॅन असेल तर तो आधी थांबवा बाप्पा, खोलीकरण नंतर पाहू.

आणि संडे_झाडू, तुम्ही नाग नदी सोडू नका हं. हेच पाणी पुढे कन्हानला, मग वैनगंगेत, तिथून गोसीखुर्दच्या धरणात जाते. आमची घाण भंडाऱ्याचे लोक भोगून राहिले.

बेशरम_उपटा
भंडाऱ्याकडे मामा तलावात (म्हणजे माजी मालगुजारी, जुने गावतलाव) ढिवर लोकांच्या मासेमारी सोसायट्यांनी आणि बायांनी बेशरम या तणाची झुडपं उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, मग गावठी मासोळी परत आली. जेसीबी नाही, हाताने. हे जवळचं आहे, मामांना गाडीत घाला आणि दाखवून आणा. अल्बानियाच्या व्योसा नदीला २०२३ मध्ये राष्ट्रीय उद्यान केलं, धरणाविरुद्ध तिथले गावकरी आधी कोर्टात गेले होते, ते पण भारी आहे, पण मामांना अल्बानिया सांगून काही फायदा नाही 😄

संडे_झाडू (नागपूर)
सगळ्यांना धन्यवाद. काल गावात जाऊन आलो. मामांसोबत डोहावर बसलो, मी काही बोललोच नाही, फक्त विचारलं की तुमच्या लहानपणी झिरा किती खोल लागत होता. मामा म्हणे हातभर. आणि आता? थोडा वेळ गप्प बसले मग म्हणे, पुरुषभर. कास्तकार भाऊ, टँकरचं डोक्यात आहे, गावतळ्याचा गाळ आणि टेकडीवरचे चर असा उलटा प्रस्ताव द्यायचा म्हणतो आहे, श्रमदानाला आमचे चौदा जण मी पक्के केले. समितीचं विचारलं तर सरपंच म्हणाले आहे ना, आणि सदस्यांची यादी काढली तर तिच्यात मामांचंच नाव, त्यांना माहीतच नव्हतं.

डांगरवाडीवाले दादा, ग्रामसभेच्या दिवशी तुम्ही आलात तर फार बरं होईल. गाडीची सोय मी करतो, मेसेज टाकला आहे पाहा.