सातव्या मजल्यावर भुभू आहेच, आता माऊ येतेय. घरात काय काय बदलावं लागेल?

सातवा_मजला

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, सातव्या मजल्यावर. घरात मी, नवरा, सासूबाई आणि आमचा शेरू. शेरू गावठी आहे, सहा वर्षांचा, स्वभावाने अगदी गरीब, फक्त कचऱ्याचा डबा उघडा दिसला की त्याला राहवत नाही. आता पार्किंगमध्ये मांजराचं एक पिल्लू सापडलंय, अडीच-तीन महिन्यांचं असेल. सध्या बहिणीकडे आहे, गणपतीच्या आधी घरी आणायचं ठरलंय.

शेरूच्या दृष्टीने घर लावलेलं आहे. चपला वर, वायरी पट्टीत, गॅसचा नॉब रात्री बंद. पण मांजर यापूर्वी कधीच पाळलेलं नाही. खिडक्या तीन ट्रॅकच्या स्लायडिंग आहेत, एक पल्ला मच्छरजाळीचा. बाहेरून ग्रिल लावायला सोसायटी परवानगी देत नाही. बाल्कनीत तुळस, मोगरा, जास्वंद, कोरफड, मनी प्लांट आणि एक सायकस आहे. फरशी रोज फिनाइलने पुसली जाते. सासूबाईंना गुडघेदुखी आहे, त्यांची औषधं आणि मलम पलंगाशेजारच्या टेबलावरच असतं. ज्यांच्या घरी दोन्ही प्राणी आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

माळ्यावरची_माऊ

ताई, आधी पिल्लाला घर देताय त्याबद्दल मनापासून आभार. मी दादरला राहते आणि रस्त्यावरून उचललेली पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते. तुमच्यासारख्या उंच इमारतीतली बरीच घरं पिल्लू देण्याआधी मी जाऊन बघितली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सगळ्यात आधी खिडकी. बाकीचं काही राहिलं तर आठवडाभराने करता येईल, खिडकीचं मात्र पिल्लू घरात पाऊल टाकायच्या आधी झालं पाहिजे. तुमची मच्छरजाळी बहुधा फायबरची असणार. त्यावर मांजर नखं रोवून चढतं आणि जाळी कोपऱ्यातून, रबराच्या पट्टीसकट सुटून येते. शिवाय तो पल्ला सरकता असतो, त्याला कडी नसते. चढलेल्या मांजराच्या वजनाने दोन बोटं सरकला तरी फट झालीच. अॅल्युमिनियमचं काम करणाऱ्याला बोलवा आणि त्याच चौकटीत स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी घट्ट बसवून घ्या, पल्ल्याला आतून खिट्टी लावा. हे सगळं आतल्या बाजूने होतं, सोसायटीचा प्रश्नच येत नाही. बाल्कनीसाठी लोक कबुतरांची नायलॉनची जाळी लावतात. ती उन्हाने कुजते आणि मांजर दातांनी तोडतं, तिच्या भरवशावर राहू नका. हल्ली तारांचं 'अदृश्य' ग्रिल बसवतात, ते मोठ्या माणसांना ठीक आहे. दोन तारांमधून पिल्लाचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की अंग जातंच.

हॉल आणि बेडरूमची खिडकी सगळ्यांना आठवते. विसरते ती बाथरूमची, आडव्या काचेच्या पट्ट्यांची, जी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडते. घाबरलेलं पिल्लू नेमकं तिथेच जातं, कारण तिथे अंधार असतो. ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीनही त्यातलंच. ड्रमचं दार कायम बंद ठेवा आणि कपडे टाकायच्या आधी आत हात फिरवून बघा. दाराबाहेरच्या सेफ्टी डोअरच्या सळ्यांतून पिल्लू सहज जातं, त्याला खालून दोन-अडीच फूट तरी अॅक्रिलिकचा पत्रा लावून घ्या.

आता दुसरी गोष्ट, जी कुत्रा पाळणाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही. कुत्र्याला विषबाधा होते ती बहुतेक वेळा त्याने काही खाल्लं म्हणून. मांजर खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असतं, पण ते दिवसभर अंग चाटतं. म्हणजे त्याच्या पायाला, केसांना जे लागेल ते थोड्या वेळाने पोटात जाणार. त्यातून मांजराच्या यकृताला काही रसायनं निकामी करायची सोय कमी असते, जी माणसाच्या आणि कुत्र्याच्या यकृतात असते. म्हणून शेरूला आजवर काही झालं नाही हा पुरावा माऊच्या बाबतीत धरू नका.

फिनाइल बंद करा. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं, इतकं सरळ आहे. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, वर स्वच्छ पाण्याचा हात फिरवा. डेटॉलसारखी जंतुनाशकंही त्याच कारणाने मांजराच्या आसपास नकोत.

सासूबाईंच्या टेबलावरची औषधं खणात, तो खण बंद. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं. "अंग गरम लागतंय, अर्धी गोळी देऊया" असं घरातल्या कुणीही, अगदी प्रेमापोटीही, करायचं नाही हे सगळ्यांना बसवून सांगा. गुडघ्याच्या मलमाकडे तर विशेष लक्ष द्या. २०१५ साली अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने) याबद्दल सावध केलं होतं: मालक स्वतःच्या अंगाला फ्लर्बिप्रोफेन असलेलं दुखण्याचं मलम लावत होते, आणि घरातली मांजरं आजारी पडली, काही दगावली. सासूबाईंनी मलम लावावं, त्यांचं दुखणं महत्त्वाचं आहेच, फक्त वर पायजमा किंवा कापडी पट्टा घालावा आणि माऊला मांडीवर घेण्याआधी हात धुवावेत.

कुंड्यांपैकी तुळस, मोगरा, जास्वंद खुशाल राहू द्या. मनी प्लांट चावला तर तोंडाची आग होते, लाळ गळते, जिवावर बेतण्याची शक्यता कमी, पण उंच टांगा. कोरफडीने जुलाब-उलट्या होतात. सायकस मात्र आजच कुणाला तरी देऊन टाका, तेही ज्यांच्याकडे प्राणी नाहीत अशांना. त्याचा प्रत्येक भाग विषारी, बिया सगळ्यात जास्त, आणि यकृत बाद होतं, मांजराचंही आणि कुत्र्याचंही. आणखी एक, वाढदिवसाला वगैरे कुणी फुलांचा गुच्छ आणला आणि त्यात लिली असेल तर तो दारातूनच परत. लिलीचे परागकण अंगावर पडून चाटले गेले, किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराची किडनी निकामी होते. घरात लिली नसणं हा एकच उपाय आहे.

बोका_पुराण

एवढा खर्च कशासाठी? आमच्या गावाकडे मांजरं कौलांवरून उड्या मारतात. मांजर कुठूनही पडलं तरी पायावर पडतं.

माळ्यावरची_माऊ

पायावर पडतं हे खरं, पण सातव्या मजल्यावरून पायावर पडल्यावर त्या पायांचं काय होतं तेही बघायला हवं. न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयात इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार केलेल्यांपैकी जवळपास ९० टक्के जगली, आणि लोक तेवढाच आकडा लक्षात ठेवतात. पण त्यात फक्त दवाखान्यात आणलेली मांजरं मोजली आहेत. जी जागीच गेली ती तिथवर पोचलीच नाहीत. जगलेल्यांमध्येही छातीत हवा भरणं, टाळू फाटणं, जबडा आणि पाय मोडणं हे सगळं होतं. कौल दहा-बारा फुटांवर असतं, खाली माती असते आणि मांजर स्वतः ठरवून उडी मारतं. खिडकीतून ते कबुतराच्या मागे झेपावतं आणि खाली पेव्हर ब्लॉक असतात. एक जाळी ऑपरेशनपेक्षा नक्कीच स्वस्त पडते.

दोन_शेपट्या

आमच्याकडे लॅब्राडोर कुत्रा आणि दोन मांजरं आहेत, पुण्यात. माऊताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी शेरूच्या बाजूने थोडं घालते.

१. शेरूला गोचिडांसाठी मानेवर थेंब टाकत असाल तर डबीवर पर्मेथ्रिन लिहिलंय का बघा. ते कुत्र्याला चालतं, मांजराला झटके येतात. आंघोळीच्या पाण्यात मिसळायचं अमिट्राझही मांजराला नको. दोघं एकमेकांना चिकटून झोपणार, चाटणार, तेव्हा डॉक्टरांना आता घरात मांजर आहे असं सांगून औषध बदलून घ्या.

२. माऊचा मातीचा ट्रे शेरूपासून दूर हवा. कुत्रे त्यातली शी आवडीने खातात, किळस वाटली तरी वस्तुस्थिती आहे. आम्ही बाथरूमच्या दाराला साखळी लावली आहे, मांजर जाईल इतकंच दार उघडतं.

३. डबा झाकणाचा, पायाने उघडणारा, आणि ओट्याखालच्या कपाटात. कांदा-लसूण शिजवलेला असला तरी दोघांनाही वाईट, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराला किलोमागे पाच ग्रॅम कांदासुद्धा बाधू शकतो, म्हणजे पिल्लाला आमटीतल्या दोन फोडीही जास्त. त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात. शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट, झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंग गम हे शेरूला अजिबात नाही.

४. साड्यांच्या कपाटातल्या डांबर गोळ्या काढून टाका. मांजरं कपाटात झोपतात.

सातवा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार! सायकस सोसायटीच्या गेटपाशी... नको, तिथे भटके कुत्रे असतात. ज्या मावशींकडे प्राणी नाहीत त्यांना देते. जाळीवाला शनिवारी माप घ्यायला येतोय. फिनाइलबद्दल सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी स्वतःच बाटली बाहेर काढली.

आता दोन शंका. सासूबाई शिवणकाम करतात, हार-गजरेही घरीच करतात. दोऱ्याशी पिल्लू खेळलं तर काय बिघडतं? फोटोत तर सगळीकडे लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजर असतं. आणि गणपतीचे पाच दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तेव्हा काय करू?

माळ्यावरची_माऊ

दोऱ्याचं बरं झालं विचारलंत. मांजराची जीभ खरखरीत असते, त्यावरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले. दोरा तोंडात गेला की त्याला बाहेर थुंकता येत नाही, तो गिळतच जातो. एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं, उरलेला दोरा आतड्यात उतरतो आणि नेफ्यातली नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात तसं आतडं त्यावर गोळा होतं. ताणलेला दोरा मग आतडं कापतो. सुईसकट असेल तर आणखी अवघड. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर कधीही ओढायचं नाही. हात न लावता थेट डॉक्टर गाठायचे. सासूबाईंनी खुशाल शिवावं, पण उठताना रीळ, सुया, कापलेली दोऱ्याची टोकं झाकणाच्या डब्यात. संक्रांतीला बाल्कनीत येऊन पडणारा मांजाही लगेच उचलायचा.

गणपतीसाठी तुमची बेडरूम पिल्लाची. त्यात पाणी, खाणं, मातीचा ट्रे, लपायला एक खोका, आणि दाराला बाहेरून कागद: 'आत मांजर आहे, दार उघडू नये'. तसंही पहिले दहा-पंधरा दिवस दोघांना वेगळंच ठेवायचंय, आधी दाराखालून वास, मग शेरूला पट्टा बांधून लांबून ओळख. आणायच्या आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि लसीचं वेळापत्रकही करून घ्या.

पत्रीकडे नीट लक्ष द्या. बाजारात मिळणाऱ्या एकवीस पत्रींच्या जुडीत धोतरा, रुई आणि कण्हेर असतात, तिन्ही विषारी. कण्हेरीचं पान तर हृदयावर परिणाम करतं, आणि थोडंसंही पुरतं. पूजा व्हायलाच हवी, त्यात काही बदल करायची गरज नाही. मखर उंच टेबलावर असतंच, पण रोजचं निर्माल्य दाराशी पिशवीत लटकवलेलं असतं ते नेमकं शेरूच्या तोंडापाशी येतं. ते झाकणाच्या बादलीत ठेवा. कापराची डबी पूजा झाली की देव्हाऱ्याच्या वरच्या खणात.

सोसायटीत उंदरांचं औषध कधी टाकतात ते सेक्रेटरींना विचारून ठेवा. ब्रोमाडिओलोनच्या वड्या खाल्लेला कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के-वनने वाचतो, पण उपचार काही आठवडे चालतात. काहीही विषारी खाल्ल्याची शंका आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, दूध द्यायचं नाही. वेष्टन किंवा पानाचा फोटो घ्यायचा आणि निघायचं. तुमच्या भागात रात्री कोणता दवाखाना खरंच उघडा असतो ते आत्ताच फोन करून विचारा, पाटीवर २४ तास लिहिलेलं असलं तरी विचारा. तो नंबर घरातल्या तिघांच्याही फोनमध्ये हवा, सासूबाईंच्या फोनमध्ये सगळ्यात आधी, कारण दुपारी घरी त्याच असणार.