नुसती वाहनं मोजून भागत नाही
वाहनांची मोजणी पक्की असली की रस्त्याची जाडी ठरवता येते, असं म्हटलं जातं. अर्धंच बरोबर. रस्ता खचतो तो आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) भाराने, आणि नुकसान साधारण भाराच्या चौथ्या घातात वाढतं. हे अमेरिकेत इलिनॉयमधल्या १९५८-६० च्या चाचणीतून निघालं. आपला प्रमाण आस, म्हणजे डिझाइनमध्ये तुलनेसाठी धरलेला आस, ८.१६ टनांचा. २०१८ साली चार टायरच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली, म्हणजे एका फेरीचं नुकसान प्रमाण आसाच्या २.४ पटींवरून जवळजवळ ४ पट. १६ टन लादले तर १५ पट! कायद्याचा आकडा धरून डिझाइन करणं म्हणूनच फसवं.

म्हणून आसांचा भार रस्त्यावरच तोलायचा; तो तोलताना दोन गोष्टी पाहा. वजनाचा पॅड रस्त्यावर नुसता ठेवला की जोडआसातलं (जवळजवळ बसवलेल्या दोन आसांतलं) तेवढंच चाक उचललं जातं आणि भार फुगून दिसतो. पॅड खड्ड्यात समतल बसवा, नाहीतर शेजारच्या चाकांखाली तेवढ्याच जाडीच्या फळ्या द्या. दुसरं, दोन्ही दिशांची सरासरी काढू नका. उदाहरणार्थ, खाणीकडे गाड्या रिकाम्या जातात, येताना ठासून भरलेल्या. आणि हो, सोबत पोलीस दिसले की ओव्हरलोडवाले ढाब्यावर चहा पीत बसतात, मग सर्व्हेत सगळा जिल्हा कायदा पाळणारा निघतो.