पॅरिसचे मॉरिस स्तंभ : पोस्टरकलेचे माहेर की तिची वेसण?

रस्तेवाचक :
पॅरिसच्या रस्त्यांवरचे हिरवे, घुमटाच्या टोपीचे जाहिरात-स्तंभ फ्रेंच पोस्टरकलेचे प्रतीक म्हणून मिरवले जातात. माझ्या मते हे श्रेय त्यांना फुकटचे मिळाले आहे. गाब्रिएल मॉरिस हा नाटकांच्या जाहिराती छापणारा मुद्रक. १८६८ मध्ये त्याला या स्तंभांचा मक्ता मिळाला, आणि कल्पनाही नवी नव्हती, कारण बर्लिनमध्ये एर्न्स्ट लिटफास या मुद्रकाने १८५५ मध्येच असे स्तंभ उभारले होते. हेतू दोन्हीकडे एकच होता : भिंतींवर वाटेल तसे चिकटणारे कागद आवरणे. रंगीत पोस्टर मात्र फोफावले ते भिंतींवर आणि बांधकामांभोवतीच्या फळ्यांवर, विशेषतः २९ जुलै १८८१ च्या फ्रेंच मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यानंतर. (त्याच कायद्याचा हवाला देऊन ‘येथे जाहिराती लावू नयेत’ असे तिथल्या भिंतींवर आजही रंगवलेले आढळते, ही त्यातली गंमत.)

शिळाछाप :
बंदोबस्त आणि कला यांचे वैर आपण गृहीतच धरले आहे, ते मला पटत नाही. १ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसमध्ये झळकलेले, अभिनेत्री सारा बर्नहार्टच्या ‘जिस्मोंदा’ नाटकाचे, चित्रकार आल्फोन्स मुखाने केलेले पोस्टर पाहा. उंची दोन मीटरांहून अधिक, रुंदी जेमतेम पाऊण मीटर, मधोमध जवळजवळ माणसाएवढी एकच आकृती. असा उभा, अरुंद कागद गोल स्तंभावर जितका शोभतो तितका लांबलचक फळीवर शोभणार नाही. शिवाय स्तंभ मुख्यतः नाटके आणि करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी असल्यामुळे, एखाद्या छोट्या नाटकगृहाची जाहिरात साबण-बिस्किटांच्या गर्दीत गुदमरत नसे.

खळ आणि कुंचला :
आल्फोन्स मुखाच्या एका पोस्टरवरून नियम कसा बांधता येईल? चित्रकार तुलूझ-लोत्रेकचे, ‘मुलँ रूझ’ या नृत्यगृहासाठीचे १८९१ चे पोस्टर तीन कागद जोडून केलेले आणि सव्वा मीटरच्या जवळपास रुंद होते. डाव्या कडेचे पिवळे दिवे, मधली नर्तकी ला गुल्यू आणि उजवीकडची नर्तक व्हालांतँची करडी आकृती एका नजरेत आली, तरच त्या चित्रात जीव आहे. स्तंभाच्या वळणावर ते तुकड्यातुकड्यानेच दिसेल. छायाचित्रकार शार्ल मार्व्हिलने टिपलेल्या मॉरिस स्तंभावर तर मला नाटकांची नावे आणि अक्षरेच दिसतात, चित्र नव्हे.

शिळाछाप :
लोत्रेकबद्दलचा मुद्दा मान्य आहे. परंतु मार्व्हिल १८७९ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या छायाचित्रावरून १८९० च्या दशकातला स्तंभ कसा होता हे ठरवता येणार नाही. आणि भिंतीचे गुणगान करताना तिथे पोस्टरचे आयुष्य किती असे, हेही सांगायला हवे. आज लावलेल्या कागदावर उद्या दुसरा चढे. शौकीन मंडळी तर खळ वाळायच्या आत पोस्टरे सोलून नेत.

रस्तेवाचक :
शौकिनांनी ती पळवावीशी वाटण्याजोगी का झाली, हाच तर माझा प्रश्न आहे. कायद्याने पांढरा कागद सरकारी सूचनांसाठी राखून ठेवला होता, म्हणून खासगी जाहिरातीला रंगाशिवाय गत्यंतर नव्हते. त्यात शेजारी दहा कागद ओरडत असताना आपलाच दिसावा, या अटीतटीतून पोस्टरकार ज्यूल शेरेने छपाईच्या अवघ्या तीन-चार दगडी शिळांवर लाल, पिवळा, निळा आणि काळा असे खेळवले की १८९० मध्ये सरकारने त्याला ‘लेजियों दनर’ हा किताब दिला. स्तंभासारख्या राखीव जागेवर ही झुंज लागलीच नसती. १९८६ मध्ये जेसीदको या जाहिरात कंपनीच्या ताब्यात गेलेल्या स्तंभांवरची पोस्टरे पाहा : काचेमागे, आतून उजळलेली, एकेकटी. त्यांच्यावर दुसरा कागद चढत नाही, आणि रात्री ती सोलायला कोणी येतही नाही.